इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही

जुनी ओम्नी घेऊन गॅरेजात आलेला माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "गाडीला पिकअप राहिला नाही." त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "क्लचप्लेट गेली असेल. बदलून बघू." प्लेट बदलली जाते. आठवडाभर बरं वाटतं आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर येते. मग कार्बोरेटर साफ होतो, मग कॉइल बदलते, शेवटी हेड खोललं जातं. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत "बदलून बघू" इतकं महाग दुसरं वाक्य नाही.

मालकाची तक्रार खरीच असते, पण ती अपुरी असते. "पिकअप नाही" या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात. इंजिनात ताकद तयारच होत नसेल. तयार होत असेल, पण चाकांपर्यंत पोचत नसेल. किंवा पोचतही असेल, पण चाकांपाशी काहीतरी तिला अडवत असेल. तिघांची लक्षणं मालकाला सारखीच वाटतात, उपचार मात्र एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. म्हणून पाना हातात घेण्याआधी या तिघांपैकी कोण ते ठरवायचं. हे काम बहुतेक वेळा पैसे न घालता, अर्ध्या तासात होतं.

ओम्नीची मांडणी

मारुतीची व्हॅन 1984 मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे मारुती 800 च्या पाठोपाठ. ओम्नी हे नाव तिला 1988 मध्ये मिळालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षांत तिने शाळेची मुलं नेली, पावाच्या लाद्या आणि दुधाचे क्रेट वाहिले, गावोगावी रुग्णवाहिका म्हणून धावली आणि हिंदी सिनेमात अपहरणाची हुकमी गाडी म्हणून नाव कमावलं. आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण ओम्नीसुद्धा वयाने जुनीच म्हणायची.

तिचं इंजिन मारुती 800 चंच, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण 800 मध्ये ते पुढे बसून पुढचीच चाकं फिरवायचं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली आहे. त्याच्यामागे क्लच, मग चार गिअरचा गिअरबॉक्स, तिथून निघून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस म्हणजे कोनात वळूनही फिरणारे जोड, शेवटी मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शिअल आणि मागची चाकं. ताकदीचा प्रवास असा लांबचा आहे. वाटेतल्या प्रत्येक जोडावर थोडी ताकद खर्ची पडते आणि गाडी जुनी झाली की प्रत्येक जोडावर ती गळण्याचीही शक्यता असते.

घाटात मोजदाद

सपाट रस्त्यावर ओम्नीचा आजार लपतो, घाटात उघडा पडतो. का, ते आकड्यांनी पाहू. रिकाम्या ओम्नीचं वजन आठशे किलोच्या आसपास. आठ माणसं बसली की तेराशे किलो धरा. चढ असा, की पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जायचं. अशा चढावर गाडीचं वजनच तिला सुमारे 87 किलोच्या जोराने मागे ओढतं. टायरांचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध मिळून आणखी 25 ते 30 किलो. हा सगळा ओढा तोडून ताशी 40 किलोमीटरने चढायचं, तर चाकांपाशी सुमारे 17 अश्वशक्ती लागते.

आता जमेची बाजू. या इंजिनाची कमाल ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या घरात आहे, पण ती मिनिटाला 5000 फेऱ्यांना. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन 3000 च्या आसपास फिरत असतं आणि तिथे मिळते साधारण 25 अश्वशक्ती. गिअरबॉक्स, क्रॉस आणि डिफरन्शिअल आपला दहा-पंधरा टक्के वाटा घेतात. चाकांना पोचते 21 ते 22. म्हणजे ठणठणीत गाडीकडेही शिल्लक अवघी चार-पाच अश्वशक्तीची.

त्यात उंचीही आपला वाटा मागते. वर जावं तशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्याने कमी होते. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलं की समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंची झालेली असते. म्हणजे तिथे पोचेपर्यंत शिल्लक संपतच आलेली. पूर्ण भरलेली ओम्नी पाचगणीच्या तोंडाशी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत चढत असेल, तर तो आजार नाही, तो हिशेब आहे. पण गेल्या वर्षी हाच चढ तेवढ्याच माणसांसह तिसऱ्यावर चढणारी गाडी यंदा दुसऱ्यावर येत असेल, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे. तुलना नेहमी स्वतःच्या गाडीच्या जुन्या वागणुकीशी करावी, शेजाऱ्याच्या नव्या गाडीशी नव्हे.

पाना न लावता तीन चाचण्या

पहिली चाचणी अडथळ्याची. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी 40 चा वेग धरा, गाडी न्यूट्रल करा आणि आपोआप थांबू द्या. निरोगी ओम्नी निवांत लांबवर घरंगळत जाते. काही अंतरातच कुणी मागून धरल्यासारखी थांबली, तर चाकं मोकळी नाहीत. ही चाचणी उतारावर किंवा वाहतुकीत कधीही करू नये. मग ब्रेक न वापरता आणखी थोडं अंतर चालवून उतरा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. रिमला लगेच हात लावू नका, ऊब दुरूनही जाणवते. एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक जाम आहे किंवा हबचं बेअरिंग गेलं आहे. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहिली असण्याची शक्यता जास्त. कोकणातल्या दमट हवेत, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. टायरमधली हवाही याच वेळी तपासा. चार टायरांत कमी हवा घेऊन गाडी चालवणं म्हणजे ब्रेकवर पाय ठेवूनच चालवणं.

दुसरी चाचणी कानाची. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज झपकन चढला आणि गाडीचा वेग मात्र तसाच राहिला, तर ताकद तयार होते आहे पण क्लचवर घसरते आहे. आवाज आणि वेग दोन्ही एकमेकांना धरून सावकाश वाढत असतील, तर क्लच निर्दोष आहे, त्याच्या नादी लागू नका.

तिसरी चाचणी क्लचवर शिक्कामोर्तब करणारी. सपाट जागी, चाकांना दगड लावून, समोर कुणी उभं नाही याची खात्री करून हँडब्रेक घट्ट ओढा. इंजिन चालू करा, चौथा गिअर टाका, फेऱ्या थोड्या वाढवा आणि क्लच सावकाश सोडा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. ते आरामात फिरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

एवढं झालं की गॅरेजात गेल्यावर "पिकअप नाही" म्हणायची वेळ येत नाही. "चौथ्या गिअरमध्ये दाबली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही" किंवा "मागचं डावं चाक तापतं" असं सांगता येतं. मिस्त्रीचा पहिला तास वाचतो आणि तुमचा पहिला खर्चही.

क्लच : घसरणं वेगळं, चिकटणं वेगळं

क्लच घसरतो म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायचा नाही. ओम्नीचा क्लच केबलवर चालतो. पेडल दाबायला सुरुवात केली की पहिलं थोडं अंतर ते रिकामंच जायला हवं. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळी चाल कमी होत जाते. ती संपली की पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि प्लेटमध्ये जीव असूनही घसरतो. केबलचा नट थोडा सैल करून हे पाच मिनिटांत सुधारतं. काही चालकांना पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय असते, तिचाही परिणाम हाच.

याच्या उलट दुखणं म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. पेडल तळाला गेलं तरी प्लेट किंचित फिरतच राहते, त्यामुळे गिअर पडत नाही, पडला तरी कुरकुर करत पडतो. लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. याचा निवाडा रिव्हर्स गिअर करतो. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्रकन आवाज आला, तर क्लच सुटत नाही. केबल ताणलेली आहे किंवा तिचे धागे तुटू लागलेत. रिव्हर्स गुपचूप पडला, पण चालत्या गाडीत दुसरा गिअर टाकताना दरवेळी कुरकुर होते, तर क्लच बरा आहे आणि दुसऱ्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. सिंक्रोनायझर म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन भागांचा वेग सारखा करणारी पितळी रिंग. पहिलं निदान केबलवर निभावतं, दुसरं गिअरबॉक्स खोलायला लावतं.

घसरणारा क्लच केबलने सुधारला नाही, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्या दिवशी गॅरेजात थांबावं, कारण निघालेली प्लेट बरंच काही सांगते. अस्तर झिजून रिव्हेटांच्या डोक्यांशी समपातळीत आलं असेल, तर प्लेटने आपलं आयुष्य पूर्ण केलं. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक भेगा दिसल्या, तर क्लच बराच काळ घसरत होता. तो पृष्ठभाग तसाच ठेवून नवी प्लेट बसवली, तर तीही लवकर जाईल. अस्तर जाड आहे, पण काळं, चकचकीत आणि तेलकट झालं आहे? मग गुन्हेगार प्लेट नाही. तेल आलं कुठून ते पाहा. इंजिनाचा मागचा ऑइल सील गळत असेल तर इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचा पुढचा सील गळत असेल तर गिअर ऑइल. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो, त्यामुळे बोटावर घेऊनही फरक कळतो. सील न बदलता फक्त प्लेट बदलणं म्हणजे काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा देणं. क्लचच्या कामात सुट्या भागांपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचे कष्ट मोठे. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा सेट एकदमच बदलावा, सीलही त्याच दिवशी.

गिअरबॉक्स : आवाज कुठल्या गिअरमध्ये थांबतो?

गिअरबॉक्सचं निदान आवाजावरून होतं आणि आवाजापेक्षा तो कधी थांबतो ते जास्त बोलकं असतं. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग झिजलं आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात जवळपास शांतता, हे तिसरं लक्षण. ओम्नीच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरला ताकद समोरून सरळ मागे जाते. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये मात्र ती खालच्या काउंटर शाफ्टला वळसा घालून जाते. त्यामुळे चौथ्यात निवणारा आवाज काउंटर शाफ्टकडे किंवा त्याच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो.

ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटत असेल, तर आधी बाहेर बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसलेत, ती रबरं वयाने दबतात, तडकतात. मग दाब येताच सगळा संच जागेवरून हलतो आणि गिअरच्या दांड्याला जोडलेला दुवा ओढला जातो. त्या दुव्यातले बुश झिजले की दांडा नुसता डुलतो आणि गिअर अर्धाच बसतो. माउंटिंग आणि बुश ही किरकोळ कामं. ती करूनही गिअर सुटत असेल तरच आतल्या दात्यांवर किंवा स्प्रिंगवर संशय घ्यावा.

गिअर ऑइलकडे तर कुणी बघतच नाही. इंजिनाला डिपस्टिक असते म्हणून तेल पाहिलं जातं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलला बाजूला नुसता बोल्ट असतो. तो सपाट जागी काढला की तेल छिद्राच्या खालच्या काठापर्यंत असायला हवं. खालचा बोल्ट काढून तेल सोडलं की बोटांवर चोळून पाहा. करडी, पिठासारखी बारीक भुकटी ही रोजची झीज. चमकणारे कण पितळेचे असले तर सिंक्रोनायझर झिजतोय, पोलादाचे तुकडे असले तर दाते तुटतायत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि 2021 च्या चिपळूण-महाडच्या पुरात बुडालेल्या गाड्यांत ही भीती मोठी होती. इंजिनाचं तेल बदलून गाडी सुरू झाली की लोक निश्चिंत होतात, पण पाणी हवेच्या नळीवाटे डिफरन्शिअलमध्येही जातं आणि तिथली बेअरिंगं काही महिन्यांनी गंजून बोलू लागतात. तेल भरताना गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शिअलचं पुस्तिकेत दिलं असेल तेच वेगवेगळं भरावं. डिफरन्शिअलच्या दात्यांना जास्त दाब सोसणारं तेल लागतं, पण त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

राहिला मागचा भाग. गाडी हलवताना किंवा पुढे-मागे करताना पोटाखालून टक् असा आवाज आला की क्रॉस पाहावेत. गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने उलटसुलट पिळावा. क्रॉसच्या कपाभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस केव्हाच संपलं आहे. हा आवाज फार दिवस चालवून घेऊ नये. शाफ्ट चालत्या गाडीत सुटला तर गाडी ताब्यात राहत नाही. गाडीच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी, जी दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळी ऐकू येते, ती डिफरन्शिअलच्या क्राउन-पिनियनची. वळणावर बदलणारी घरघर हबच्या बेअरिंगची.

ताकदच तयार होत नसेल तर

अडथळा नाही, क्लच धड, गिअरबॉक्स शांत. आता इंजिन. सीट उचलली की आधी एक फुकटची गोष्ट करा. कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा, इंजिन बंद ठेवून, आणि थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का ते पाहा. केबल ताणली गेली की पेडल तळाला जातं आणि झडप पाऊणच उघडते. ताकदीचा मोठा हिस्सा इथे हरवलेला सापडतो आणि तो परत मिळवायला एक नट पुरतो.

पुढचा क्रम हवा, पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन असाच ठेवावा. तो स्वस्ताकडून महागाकडे जातो. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर बदला. पेट्रोलच्या अडचणीची खूण ठरलेली आहे. गाडी सहज सुरू होते, उभी असताना छान चालते आणि चढावर मात्र गुदमरते. बारीक धार पुरते तोवर सगळं ठीक, मागणी वाढली की टंचाई. फिल्टर तुंबलाय, जुन्या गाडीतल्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटलाय किंवा टाकीत गाळ आहे. काही किलोमीटर चालून बंद पडणाऱ्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय, इतकंच.

पेट्रोलही बदललं आहे. आता देशभर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज याने सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच होता. कार्बोरेटरच्या ओम्नीत आणखी एक भर पडते. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या जुळणीवर मिश्रण पातळ होतं आणि दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने ठेवू नये. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे नव्या पेट्रोलला टिकणारे घ्यावेत. ओम्नीत या नळ्या सीटखालच्या गरम इंजिनाशेजारून जातात. पेट्रोलचा वास येत असेल तर ती गाडी सुरूच करू नये.

ठिणगीचं खातं तीन प्लग उलगडतात. तिन्ही काढून, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून, ओळीने कागदावर मांडा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर सगळं जागच्या जागी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. ओलसर तेलकट म्हणजे त्या सिलिंडरमध्ये तेल चढतंय. पांढरं, फोड आल्यासारखं म्हणजे मिश्रण पातळ किंवा तो सिलिंडर अती तापतोय. तीनपैकी दोन सारखे आणि एक वेगळा निघाला की शोध तीन पटींनी सोपा झाला.

तीन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद पडला की थेट तिसरा हिस्सा गेला. वर उरलेल्या दोघांना त्या मेलेल्या सिलिंडरचंही ओझं ओढावं लागतं. पसरणी घाटाचा हिशेब इथे लावून पाहा. चाकांपर्यंत तेरा-चौदा अश्वशक्तीही जेमतेम पोचते, तिसऱ्या गिअरचा प्रश्नच मिटतो. अशी गाडी उभी असतानाही थरथरते. गॅरेजवाले म्हणतात, "मिसिंग मारतेय." वायरला चीर गेली असेल तर पावसाळी रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहावं, गळणारी ठिणगी निळी चमकताना दिसते. डिस्ट्रिब्यूटरची तडकलेली टोपी, जळालेले पॉइंट, व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा फाटलेला पडदा हे जुन्या मॉडेलचे ठरलेले संशयित. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा आधी वाचून घ्यावा आणि प्लगची वायर चालत्या इंजिनात उपटू नये. धक्का बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. तुंबलेला कन्व्हर्टर इंजिनाचा गळाच धरतो. फेऱ्या एका मर्यादेपुढे चढतच नाहीत.

इथवर काही सापडलं नाही तरच कॉम्प्रेशन मोजायचं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. तिन्ही आकडे जवळपास सारखे असणं महत्त्वाचं. एक बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले. वाढला नाही तर झडपा बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर हेड गॅसकेट त्या दोघांच्या मधे फुटलेलं असू शकतं. तिन्ही थोडे थोडे कमी असतील, तर हेड खोलण्याआधी टायमिंग बेल्टच्या खुणा जुळतात का ते पाहा. बेल्ट एक दात जरी सरकला तरी इंजिन चालतं, पण मरगळलेलं.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं. सीएनजी किंवा एलपीजी हा वायू इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जागा जास्त व्यापतो, त्यामुळे तेवढीच हवा कमी मावते आणि पेट्रोलच्या मानाने ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते. शिवाय कोरड्या गॅसवर झडपांच्या सीट हळूहळू खोल जातात, टॅपेटची फट बुजते आणि झडप पुरती मिटत नाही. गॅसवरच्या ओम्नीने दम सोडला की आधी टॅपेट तपासावेत. पेट्रोलवर गाडी पळते आणि गॅसवर मरते, तर दोष किटच्या जुळणीत. दोन्हींवर सारखीच मरते, तर दोष इंजिनात. हा फरक फक्त स्विच फिरवून कळतो.

कुठे थांबायचं

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. मोठ्या दुरुस्तीचा निर्णय या तारखेला धरून घ्यावा. नूतनीकरणाला सहा महिने उरले असताना इंजिन बांधून घ्यायचं, तर आधी गाडी तपासणीत पास होण्याजोगी आहे का ते पाहावं.

ते ठरवायला इंजिनाकडे बघायचंच नाही. गाडी वर घ्या आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. मागचे पाटे जिथे पत्र्याला जोडलेत ती जागा, दरवाजाखालची पट्टी आणि पुढच्या सीटखालची चौकट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. टोक आत गेलं तर गंजाने पत्रा पोखरला आहे. ओम्नीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. क्लच, गिअरबॉक्स, इंजिन, यांतलं काहीही आजही जुन्या बाजारात मिळतं आणि बदलता येतं. पोखरलेला सांगाडा मात्र रंगाखाली झाकता येतो, बदलता येत नाही. अशा गाडीत ताकद परत आणणं म्हणजे कमकुवत घरावर मजला चढवणं. सांगाडा खणखणीत असेल, तर या प्रकरणातल्या क्रमाने एकेक खर्च करत जावा. केबल, फिल्टर, प्लग, ब्रेक आणि तेल एवढ्यावरच पुष्कळ ओम्नींना दम परत येतो. गिअरबॉक्स उतरवायची पाळी आलीच, तर काय बदलायचं आणि का, हे तोवर तुम्हालाही माहीत झालेलं असेल.